सगळ्यात जास्त आनंद कधी झाला?

लेकीच्या पहिल्या वर्षाचा विषय निघाला की कुणी ना कुणी विचारतंच, "सगळ्यात जास्त आनंद कधी झाला?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा पहिलं पाऊल असतं, नाहीतर 'बाबा' ही पहिली हाक. दोन्हींनी मी हरखून गेलो होतो. पण तुम्ही विचारलंत म्हणून खरं उत्तर सांगतो. तिने पहिल्यांदा बोट दाखवलं, तेव्हा.

पडद्याची सावली भिंतीवर हलत होती आणि ती माझ्या कडेवर होती. तिने चार बोटं मिटली, पहिलं बोट सावलीकडे रोखलं आणि मान वळवून माझ्या तोंडाकडे बघितलं. तिला ती सावली हातात नको होती. मीही ती बघावी, एवढंच तिचं म्हणणं होतं. "हो गं, सावली हलतेय," असं मी म्हणालो आणि ती पाय झाडत हसली. जन्मल्यापासून आम्हीच तिला काही ना काही दाखवत आलो होतो. त्या दिवशी तिने मला काहीतरी दाखवलं.

त्या एका बोटामागे किती महिन्यांची घडण असते, ते जवळून बघितलेल्यालाच कळतं. नवजात बाळाच्या तळव्यात आपलं बोट ठेवलं की ते गच्च धरतं. आपल्याला भरून येतं, पण ती उपजत प्रतिक्षिप्त क्रिया असते, बाळाने ठरवून केलेली नसते. ती ओसरत जाते तसा हात बाळाच्या ताब्यात येतो. मधले काही आठवडे तर बाळ स्वतःच्याच मुठी डोळ्यांसमोर धरून एकटक बघत राहतं. माझ्या लेकीचा हा उद्योग मी तासन्‌तास बघितला आहे. हा हात आपलाच आहे, आपण म्हटलं की हलतो, हे तिला उमगत होतं. मग वस्तूकडे झेप घेणं आलं, पंजाने ओढून घेणं आलं, खुळखुळा या हातातून त्या हातात देणं आलं. नऊ-दहा महिन्यांच्या आसपास अंगठा आणि पहिलं बोट यांची चिमूट जमली आणि घरातला जमिनीवरचा प्रत्येक कण धोक्याच्या यादीत गेला.

डोळ्यांचंही तसंच. जन्मतः बाळाला वीस-तीस सेंटीमीटरवरचंच त्यातल्या त्यात नीट दिसतं. म्हणजे कुशीत घेतलं की आपला चेहरा असतो, साधारण तेवढ्यावरचं. तिथून निघालेली नजर काही महिन्यांत खोलीच्या त्या टोकापर्यंत पोचते. मान धरणं, पालथं पडणं, बसणं, या सगळ्याचे आम्ही फोटो काढले, सगळ्यांना पाठवले. ते साजरं करण्यासारखंच असतं. तरी त्यात बाळ स्वतःच्या शरीराशी झटत असतं. बोट दाखवण्यात ते पहिल्यांदा दुसऱ्याच्या मनाशी काहीतरी करू बघतं. समोरच्यालाही डोळे आहेत, त्याचं लक्ष वेगळीकडे असू शकतं आणि ते आपल्याला वळवता येतं, एवढं सगळं त्या बोटात असतं.

हे केवळ बापाचं कौतुक नाही. 2004 मध्ये उल्फ लिश्कोव्स्की, मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षाच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलाने एखाद्या गमतीदार गोष्टीकडे बोट केलं की समोरचा मोठा माणूस मुलांच्या प्रत्येक गटाशी वेगळं वागायचा. काही मुलांच्या वाट्याला असा माणूस आला, जो नुसता त्यांच्याकडे बघून खुशीत बोलायचा. काहींच्या वाट्याला आलेला माणूस नुसता त्या वस्तूकडे बघायचा. कुणाकडे साफ दुर्लक्ष व्हायचं. आणि काहींना मिळालेला माणूस वस्तूकडे बघायचा, मग मुलाकडे बघायचा आणि तिच्याबद्दल बोलायचा. या शेवटच्या मुलांचं समाधान झालं, आणि पुढच्या गोष्टी दाखवायलाही ती उत्साहाने बोट करत राहिली. बाकीची मुलं त्याच गोष्टीकडे पुन्हा पुन्हा बोट करत होती, जणू निरोप पोचलाच नाही. मुलाला वस्तू नको असते, नुसतं लाडही नको असतात. दोघांनी मिळून बघणं हवं असतं. हे वाचलं त्या दिवसापासून मी फोन बाजूला ठेवून उत्तर देतो.

बोट दोन कारणांनी पुढे येतं, एकदा 'ते मला दे' म्हणून आणि एकदा 'ते बघ' म्हणून. स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) प्राथमिक चाचणीसाठी सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांच्या पालकांना जी एम-चॅट प्रश्नावली देतात, तीत या दोन्हींबद्दल वेगवेगळे प्रश्न आहेत. नुसतं मागण्यासाठी बोट करणं आणि दाखवण्यासाठी करणं यांतला फरक तपासणाऱ्यांनाही तितकाच मोलाचा वाटतो.

आता पाऊल. ते माझ्या यादीत दुसऱ्या नंबरवर का गेलं, याचं कारण म्हणजे पहिलं पाऊल असं एक नसतंच. धरून उभं राहणं, सोडून उभं राहणं, डुगडुगणं, बसकण मारणं, पुन्हा उठणं, यातलं पहिलं कोणतं म्हणायचं? मानसशास्त्रज्ञ कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये नव्याने चालणाऱ्या मुलांची मोजदाद प्रसिद्ध केली. मनासारखं खेळायला सोडलं तर ही मुलं तासाला सरासरी 2,368 पावलं टाकतात आणि 17 वेळा पडतात. तासाला! कुणी शाबासकी दिली म्हणून नाही, समोर काही ठेवलंय म्हणूनही नाही. पडणं हा माझ्या लेकीच्या दृष्टीनेही अडथळाच नव्हता. पडून उठताना तिच्या तोंडावर जी घाई असायची, ती बघून मला तिच्याबद्दल आदर वाटायचा. हा शब्द बाळासाठी मी विचार करून वापरतोय.

पावलाचा विषय निघाला की मागोमाग दुसरा प्रश्न येतो, "कितव्या महिन्यात?" इथे मात्र मला बोलायचंय. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांची निरीक्षणं घेऊन 2006 मध्ये शारीरिक टप्प्यांचे कालावधी जाहीर केले. आधाराशिवाय बसणं 3.8 ते 9.2 महिने. एकट्याने चालणं 8.2 ते 17.6 महिने. म्हणजे दोन मुलांत नऊ महिन्यांचा फरक असला तरी दोन्ही मुलं ठीक असू शकतात. त्याच अभ्यासात चार टक्क्यांहून थोडी जास्त मुलं हातपाय टेकून रांगलीच नाहीत. माझी लेक त्यांतलीच, ती बसल्या बसल्या सरकत फिरायची आणि मग थेट उभी राहिली. "रांगली नाही?" हे मला इतक्या काळजीच्या सुरात विचारलं गेलंय की काही दिवस आम्ही तिच्या सरकण्यातली गंमतच बघायला विसरलो. या मौजेवर कुणी असं पाणी टाकू नये.

डॉक्टरांकडे जायचं ते योग्य कारणासाठी. अठरा महिने झाले तरी मूल चालत नसेल, वर्ष उलटूनही बोट, हात, आवाज यांतलं काहीच वापरून ते काही सांगू बघत नसेल, किंवा आलेली गोष्ट करायची सोडून देत असेल, तर दुसऱ्यांच्या मुलांशी तुलना करत बसण्यापेक्षा सरळ दाखवून घ्यावं. मूल दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल तर दोन वर्षांचं होईपर्यंत वय जन्मतारखेवरून न मोजता अपेक्षित तारखेपासून मोजतात, हेही अनेकांना माहीत नसतं.

आणि "सगळीच मुलं हे करतात, त्यात एवढं काय?" असं विचारणारेही भेटतात. सगळीच करतात, खरंय. मला त्यातलं एक मूल अगदी जवळून बघायला मिळालं. मुंगी, पंख्याची पाती, दिवसाउजेडी दिसणारा फिकट चंद्र, माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण, हे सगळं तिने मला दाखवलंय. त्यातला चंद्र तर मी कित्येक वर्षांत भरदिवसा बघितला नव्हता.

आता तिच्याकडे शब्द आहेत. तरी बोट आधी पुढे येतं आणि शब्द मागून, "बाबा, ते बघ!" ते काय आहे हे मला नेहमी लगेच दिसतंच असं नाही. मग ती माझी हनुवटी धरून मान त्या दिशेला वळवते.