आय-एम, आय-एम: स्पॅनिश गिटारवर स्केल बसवताना

स्पॅनिश गिटारवर स्केल, म्हणजे ओळीने चढते-उतरते सूर, वाजवायला उजव्या हाताची मुख्यतः दोनच बोटं लागतात. तर्जनी म्हणजे आय, मध्यमा म्हणजे एम. अंगठ्याला पी आणि अनामिकेला ए म्हणतात, पण स्केलमध्ये त्यांचं काम कमी. नियमही एकच: लागोपाठच्या दोन सुरांना तेच बोट लावायचं नाही. माझा डावा हात फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांवर, बसला होता, सूर तोंडपाठ होते. तरी वेग वाढवला की स्केल अडखळायची, आणि अडखळायची ती दर वेळी त्याच जागी.

आमच्या परभणीत गिटार म्हटलं की स्टीलच्या तारा आणि पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती. नायलॉनच्या तारा बोटांनी वाजवायला शिकवणारे सर मला छत्रपती संभाजीनगरात भेटले. जमेल त्या रविवारी, कधी तपोवन एक्स्प्रेसने तर कधी एसटीने, गिटार मांडीवर घेऊन जायचो.

सरांनी आधी आपोयांदो पक्का करून घेतला. यात बोट तार छेडून शेजारच्या जाड तारेवर टेकतं. तिरांदोत ते न टेकता तळव्याकडे मोकळं जातं. आपोयांदोत सूर भरीव येतो, म्हणून स्केलसाठी तोच आधी. फ्लामेंको या स्पॅनिश संगीतातला पिकादो, म्हणजे झपाट्याने स्केल वाजवायची पद्धत, हाही आपोयांदोच. फ्लामेंकोचा गिटारवादक पाको दे लुसिया याचा पिकादो ऐकला की बोटं दोनच आहेत यावर विश्वास बसत नाही.

मग सरांनी मला सी मेजर ही स्केल कागदावर मांडायला लावली. (तारा मोजायच्या बारीक बाजूने: पहिली सगळ्यात बारीक, सहावी सगळ्यात जाड.) मोकळ्या, म्हणजे डाव्या हाताने न दाबलेल्या, तारांचे सूरही मोजून, खालच्या सी पासून वरच्या जी पर्यंत: पाचव्या तारेवर १ सूर, चौथीवर ३, तिसरीवर २, दुसरीवर ३, पहिलीवर ३. आयपासून सुरुवात करून प्रत्येक सुराखाली बोट लिहिलं आणि गाठ सापडली. चढताना जाड तारेवर आय आणि पुढच्या बारीक तारेवर एम आलं की हात सहज जातो, कारण मध्यमा मुळात लांब. उलट झालं, एम मागे राहून आयला पुढं जावं लागलं, की बोटं एकमेकांत अडकतात. माझ्या स्केलमध्ये हे दोनदा होत होतं: चौथीवरून तिसरीवर आणि तिसरीवरून दुसरीवर. अडखळायच्या जागा नेमक्या त्याच! एमपासून सुरुवात केली तर त्या दोन जागा सुटतात, पण बाकीच्या दोन अडतात. एका तारेवर तीन सूर असले की पुढची ओलांडणी मागचीच्या उलट होते, दोन असले की तशीच राहते. हे लक्षात आल्यावर कुठलीही नवी स्केल हातात घेण्याआधी मी तारांवरचे सूर मोजतो.

यावर सरांचं म्हणणं असं, की पळवाट शोधू नकोस, हात हलव. बोट लांबवून तार गाठायची नाही. कोपरापासून पुढचा हात जरासा सरकवायचा, म्हणजे प्रत्येक तारेवर बोट त्याच कोनात पडतं. बारीक तारांवर असताना अंगठा जाड तारेवर टेकलेला, आणि बोटं जाड तारांकडे आली की तोही मागे सरकतो. हे मी डावा हात बाजूला ठेवून नुसत्या मोकळ्या तारांवर घोटलं, प्रत्येक तारेवर तीन ठोके. घरच्यांना याचा भयंकर कंटाळा आला.

दुसरी अडचण माझ्या चुलत्यांनी ओळखली. तात्या भजनी मंडळात तबला वाजवतात. गिटारशी त्यांचा काही संबंध नाही. एकदा ऐकून म्हणाले, "तुझं एक बोट बोलायलंय, दुसरं नुसती हजेरी लावायलंय." एम जोरात, आय मिळमिळीत. त्यांनी रूपक ताल धरला आणि मला मात्रेला एक सूर वाजवायला लावलं. मात्रा ७, बोटं २. त्यामुळे पहिली मात्रा एका आवर्तनात आयवर, तर पुढच्यात एमवर. सारेग, रेगम, गमप हा अलंकारही तसाच: दर तीन सुरांनी जोर दुसऱ्या बोटावर जातो. पुढं सरांना दाखवलं तर त्यांनी वहीत टिपून घेतलं.

नखांचं थोडक्यात सांगतो. उजव्या हाताची थोडी वाढलेली, डाव्याची अगदी बारीक कापलेली. हार्डवेअरच्या दुकानातल्या बारीक वॉटर पेपरने कडा घासल्या की तारेवरची खरखर जाते. इथल्या उन्हाळ्यात माझी नखं ठिसूळ होतात, मे महिन्यात एखादं तुटतंच. आणि लग्नाकार्यात "एकाच हाताची नखं का वाढवलीस?" याला तयार उत्तर ठेवावं लागतं.

सध्या मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ८८ ठोक्यांवर ठेवून ठोक्याला चार सूर स्वच्छ येतात. ९६ ला उतरताना एम अजून घाई करतं. सरांनी आता ए-एम-आय अशी तीन बोटांची स्केल सुरू करायला सांगितलीय. स्पॅनिश गिटारवादक नार्सिसो येपेस ती वाजवायचा. अनामिकेचा आवाज पातळ येतोय, म्हणून तूर्त तिला एकटीलाच तिसऱ्या तारेवर बसवलंय.