न दुखणारे पाय

वारीत मुक्कामाला पोचलं की राहुटीत पहिला विषय पायांचा. कुणाच्या पोटऱ्या भरून आलेल्या, कुणाचा गुडघा कुरकुरतोय, कुणाच्या टाचेला फोड. बामची डबी फिरते, कण्हणं-कुथणं चालतं आणि त्यातच कुणीतरी हरिपाठाला सुरुवात करतं. माझ्याकडे बघून बायका म्हणतात, "ताई, तुमचं बरं आहे बाई, तुमचं काही दुखतच नाही." खरंच दुखत नाही. त्यांना हेवा वाटतो आणि मी मनातून चिडते. समजावून सांगावं तर तोवर पंगतीची हाक आलेली असते.

साखरेनं माझ्या तळव्यांच्या नसा बधिर केल्यात. डॉक्टर नायलॉनचा एक तंतू तळव्याला टेकवतात, तो १० ग्रॅम दाबाला वाकतो. आपण डोळे मिटून सांगायचं, लागला की नाही. अंगठ्याखाली आणि करंगळीच्या मुळाशी मला तो लागत नाही. म्हणजे तिथे खडा रुतला, चटका बसला, कातडी सोलली तरी आतून निरोप येणार नाही. घोट्याशी आणि पावलावर नाडी चांगली लागते, रक्त नीट पोचतंय, म्हणून डॉक्टर "जा" म्हणाले. पण अटींसकट. अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही, रात्री लघवीला उठलं तरी. बूट उन्हाळ्यातच घेऊन वापरून मऊ करायचे. मोजे फिक्या रंगाचे, इलॅस्टिक न काचणारे. रोज रात्री आरसा धरून तळवे बघायचे. बूट चढवण्याआधी आत हात घालून चाचपायचं.

ही शेवटची अट दिंडीत चेष्टेचा विषय झाली. "ताई बुटात काय शोधताय, विठ्ठल?" मी हसून सोडून द्यायची. एका सकाळी त्याच बुटातून बाभळीचा काटा निघाला तेव्हा चेष्टा करणारे भाऊ दिवसभर गप्प होते. माझी चाल त्या दिवशी फार हलकी झाली, हेही सांगून टाकते.

पुण्यातून निघालो ती एकादशी. दिवेघाटात माणसांची नुसती भिंत, वर आभाळ भरलेलं, टाळांचा आवाज डोंगरावर आपटून परत येतो. फोटोत दिसतो तसाच असतो तो घाट. मला मात्र अर्ध्या चढावर घाम फुटला, ओठ बधिर झाले, पुढच्या बाईची पताका दोन-दोन दिसायला लागली. कडेला बसून तपासलं तर साखर ६२. चालीच्या दिवसांसाठी डॉक्टरांनी गोळी कमी करून दिली होती, उपासही मी धरला नव्हता, तरी इतकी चाल अंगाला नवीनच. ग्लुकोजची पूड पाण्यात कालवून घेतली, १५ मिनिटांनी परत तपासलं, मग डब्यातली पोळी खाल्ली. एकादशीला भर घाटात पोळी खाणाऱ्या बाईकडे लोक कसे बघतात, ते मला आता पाठ आहे.

सासवड, जेजुरी, वाल्हे. नावं लिहिली तरी दिवस वेगळे आठवत नाहीत. पहाटे गार पाणी, चहा, चाल, विसावा, चाल. प्रत्येक विसाव्याला बूट काढायचे, बोटांच्या बेचक्या फडक्यानं कोरड्या करायच्या, दुसरे मोजे घालायचे. पावसात सगळ्यांनाच चिखल्या होतात. बाकीच्यांना त्या खाजतात, झोंबतात, म्हणून ते काहीतरी लावतात. मला फक्त दिसल्या तर कळणार. टाचांना रात्री मलम चोपडते, कारण घाम येणं कमी झाल्यानं कातडी कोरडी पडून भेगा जातात. पण बेचक्यांत मलम नाही, तिथे ओल नकोच.

एका गावात सेवेकऱ्यांनी घमेल्यात कढत मिठाचं पाणी आणून ठेवलं होतं. रांगेनं वारकरी पाय बुडवून बसलेले, चेहऱ्यांवर सुख. एक कॉलेजची मुलगी मला सोडेचना. "माऊली, सेवा नाकारू नका." मला पाण्याचा चटका कळत नाही, हे सांगितलं तर तिला वाटलं मी संकोचतेय. शेवटी म्हटलं, खांदे दाब. तिनं इतके सुंदर दाबले की माझे डोळे भरून आले. उठताना ती माझ्या पाया पडली, मी तिच्या. वारीत हे दिवसातून शंभरदा होतं. समोरच्याचं कपाळ माझ्या पावलावर टेकलेलं मला दिसतं, लागत नाही.

नीरा स्नानाच्या दिवशी सकाळपासून झड. बूट आतपर्यंत भिजले आणि दुसरा जोड सामानाच्या ट्रकमध्ये, ट्रक पुढे लोणंदला. दुसऱ्या दिवशी लोणंदहून तरडगावकडे निघालो तेव्हा चक्क ऊन पडलं होतं. जोड बदलला होता, पण त्याचंही चामडं दमटच होतं. चांदोबाचा लिंब जवळ आला तशी गर्दीला गती आली, रिंगण गाठायचं म्हणून. मी नेहमीप्रमाणे मोजे बदलायला रस्त्याच्या कडेला टेकले. उजव्या मोज्यावर करंगळीच्या बाजूला गुलाबी-पिवळट डाग होता, रुपयाएवढा, ओला.

आरसा काढला. उन्हाची तिरीप नेमकी आरशात शिरत होती, माझी कंबर वाकत नव्हती आणि तळव्याची ती कड काही केल्या नजरेत येईना. आरसा असा धर, तसा धर. मागून लोटणाऱ्या माणसांच्या पिशव्या डोक्याला लागत होत्या. मला इतका राग आला, पायाचा, साखरेचा, पावसाचा, आणि आता सांगायला हरकत नाही, माऊलींचाही.

तेवढ्यात समोर एक म्हातारी येऊन बसली. परभणीकडची, हे बोलण्यावरून कळलं. डोक्यावरची तुळस तिनं सोबतच्या बाईकडे दिली आणि म्हणाली, "काय करायलीस गं माय? दाखव पाय."

मी म्हटलं, "आजी, पाय नका धरू, तुम्ही मोठ्या आहात."

"हलू नको."

माझं पाऊल तिनं सरळ मांडीवर घेतलं. "फोड हाय. कडंनं पाझरायलाय." मग तिनं हाताची पालथी बाजू आधी या पायाला लावली, मग त्या पायाला, परत या. "ह्यो पाय गरम लागायलाय. त्यो गार हाय. दुखतंय का?"

"नाही."

"बैलाचं बी असंच. लंगडायच्या आदी खूर तापतंय."

मी तिच्याकडे बघतच राहिले. हेच मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. बधिर पायात दुखणं बोलत नाही, ऊब बोलते. दोन पायांच्या एकाच जागेच्या तापमानात साधारण २ अंश सेल्सिअसचा फरक सतत दिसला तर चालणं थांबवून दाखवायला यायचं. कधी फोडसुद्धा नसतो, नुसतं पाऊल सुजून गरम होतं आणि आत हाडं खचत असतात. डॉक्टर थर्मामीटर वापरतात. म्हातारीला तिच्या गोठ्यानं शिकवलं होतं.

आमच्या दिंडीतले भाऊ सुई-दोरा घेऊन धावत आले. वारीत फोडाला हाच उपाय. सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढायचा, पाणी निघून जातं. दरवर्षी शेकडो लोक करतात आणि दुसऱ्या दिवशी चालतातही. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "माऊलीवर सोडा हो." मी सोडणार नव्हते, आणि म्हातारी त्यांच्याकडे अशी बघत होती की ते दोरा गुंडाळत निघून गेले.

तिकडे रिंगण सुरू झालं. आम्हाला दिसत होत्या नुसत्या पाठी आणि पताकांची टोकं. अश्व दौडला असणार, कारण एकदम गलका उठला. मी म्हटलं, "आजी, तुमचं रिंगण चुकतंय, जा तुम्ही." ती म्हणाली, "बघितलंय." आणि माझं पाऊल मांडीवर तसंच धरून बसून राहिली. पदराची सावली पायावर केली होती. दुचाकीवरचा आरोग्यसेवक येईपर्यंत तिनं तिच्या सुनेची तक्रार सांगितली, सोयाबीनचा भाव सांगितला. मला बरं वाटत होतं आणि मध्येच कंटाळाही येत होता. जाताना नाव विचारायचं राहिलं. गर्दी फुटली तशी ती तुळस डोक्यावर घेऊन चालू लागली.

आरोग्य पथकातली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. जखम सलाइननं धुतली, फोडाची कातडी कापली नाही, तीच झाकण म्हणून ठेवली. वर निर्जंतुक गॉज, भोवती जाड फेल्टची चकती, म्हणजे भार फोडावर न येता कडेला जाईल. साखर २४० निघाली. आत जंतू वाढायला लागले की साखरही चढते, म्हणाली. लालीच्या कडेनं तिनं पेनानं रेघ मारली. "लाली या रेघेबाहेर गेली, वास आला, ताप आला, तर पालखी नाही, ट्रक नाही, थेट मोठा दवाखाना." गोळ्या लिहून दिल्या आणि चालणं बंद केलं.

मग फलटण, बरड, नातेपुते हे मी ट्रकमध्ये पातेल्यांच्या आणि तंबूच्या खांबांच्या सोबतीनं केलं. बायका टाळ वाजवत रस्त्यानं जाताना दिसायच्या आणि मी वरून हात हलवायची. पहिल्या दिवशी रडले. नंतर पंगतीसाठी भाजी निवडायला घेतली, मेथीच्या जुड्याच्या जुड्या, आणि आचाऱ्याशी मिठावरून भांडले. रात्री राहुटीत दिंडीतली एक मुलगी मोबाइलच्या उजेडात रेघ बघायची. लाली रेघेच्या आत आत सरकत गेली. वेळापूरपासून डॉक्टरांच्या परवानगीनं थोडं थोडं चालले, वाखरीला रिंगण दुरून का होईना पाहिलं.

पंढरपुरात दर्शनबारीत अनवाणी तासन्‌तास उभं राहणं माझ्या अटींत बसत नव्हतं. कळसाला हात जोडले. मन भरलं का? त्या वेळी नाही भरलं, गर्दीत कुणीतरी माझ्या त्याच पायावर पाय दिला म्हणून मी ओरडत होते.

परतीच्या आधी दिंडीप्रमुखांकडे गेले. औषधांच्या पेटीत नुसता बाम आणि डोकेदुखीच्या गोळ्या होत्या, म्हणून म्हटलं, पुढच्या वर्षी गॉज, सलाइनच्या बाटल्या, कागदी चिकटपट्टी, ग्लुकोज आणि साखर तपासायचं यंत्र ठेवा. दिंडीत साखरवाले आम्ही थोडे नाही. ते म्हणाले, "सांगा, लिहून घेतो." आणि शिधासामानाच्या वहीत, चहापत्तीच्या खाली, त्यांनी ते सगळं एकेक करून लिहून घेतलं.