आमची वाटचाल : मखराचा गाळा

१९९४ साली मावसभाऊ आणि मी लालबागला भाड्याच्या गाळ्यात थर्माकोलची मखरं करायला लागलो. पुढची तेवीस वर्षं धंदा नीट चालला, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही.

२०१८ मात्र तोंडपाठ आहे. २३ मार्चला सरकारची प्लॅस्टिक-थर्माकोल बंदीची अधिसूचना निघाली, तेव्हा पोटमाळ्यापर्यंत शीटच्या थप्प्या लागलेल्या. ‘कोर्टात टिकणार नाही,’ असं मीच छातीठोक सांगत होतो. १३ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली. अक्षय्य तृतीया पाच दिवसांवर, आणि आमच्या ऑर्डरी त्या दिवसापासून सुरू होतात. हातातला माल काढायला २३ जूनपर्यंत मुदत. काढणार कुठे? पहिल्या खेपेला ५,००० रुपये दंड, तिसऱ्यांदा २५,००० आणि तुरुंग. जुलैत सजावटवाल्यांनी यंदाच्या गणपतीपुरती सवलत मागितली, तीही मिळाली नाही. थर्माकोलने गटारं तुंबतात, मान्य. पण त्याच महिन्यात नव्या टीव्हीच्या खोक्यातून थर्माकोल माझ्या घरी आलाच की!

समोरचा गाळेवाला आधीपासून पुठ्ठ्यात काम करायचा. आम्ही त्याला ‘खोकेवाला’ म्हणायचो. त्याने आमचे पत्र्याचे फर्मे भंगाराच्या भावात मागितले. दिले नाहीत. आमचे दोन कारागीर मात्र त्याने न विचारता नेले.

थर्माकोल कापायच्या, विजेने तापणाऱ्या निक्रोमच्या तारेवर हात बसायला मला तीन वर्षं लागली होती. तार लाल दिसली की खाच रुंदावते. वीज कमी-जास्त करायच्या डिमरस्टॅटवर लाल होण्याच्या जरा आधी थांबायचं असतं, ते पंजा जवळ नेला की कळतं. बंदीनंतर आम्हीही पुठ्ठ्याकडे वळलो. पुठ्ठ्याला ती तार काय कामाची? पुठ्ठ्याला पातं, आणि ते दर चार मखरांनी बोथट. नवीन मुलांनो, बयाण्याच्या पैशातून माल भरू नका. आणि पातं स्वस्तातलं घेऊ नका.

गिरगावच्या एक काकू दरवर्षी पाटाच्या मापाची सुतळी घेऊन येतात, दोन गाठी मारलेली. त्या वर्षीही आल्या. आमचं पहिलं पुठ्ठ्याचं मखर पावसाळी हवेने दुसऱ्याच दिवशी डावीकडे कललं. मी पैसे परत करायला गेलो. काकूंनी मखरामागे उदबत्तीचा पुडा टेकवला होता. म्हणाल्या, “दीड दिवसाचाच गणपती आहे रे आमचा. सुतळी तेवढी तुझ्याकडेच ठेव.”

डिमरस्टॅटच्या खिळ्याला अडकवली आहे.