मुडुमालच्या शिळा आणि डिसेंबरचा सूर्य: मुंबईहून जाणाऱ्यांसाठी

मुडुमालला शिळांच्या रांगेत उगवणारा डिसेंबरचा सूर्य पाहायला जाणार असाल, तर पहिली गोष्ट, २१ डिसेंबरचाच हट्ट धरू नका. वर्षातला सर्वांत छोटा दिवस असला की सूर्य उगवायची जागा जवळजवळ थबकते. त्या तारखेच्या पाच दिवस आधी किंवा पाच दिवस नंतर गेलात तरी उगवतीची दिशा फार तर ०.१ अंशाने सरकलेली असते, म्हणजे सूर्यबिंबाच्या रुंदीच्या पाचव्या हिश्शाने. त्यामुळे १७ ते २६ डिसेंबर यांमधला कुठलाही स्वच्छ दिवस चालेल. संक्रांतीपर्यंत मात्र थांबू नका. १४ जानेवारीला सूर्य दोन अंशांहून जास्त, म्हणजे चार बिंबं उत्तरेकडे गेलेला असतो आणि रांगेत बसत नाही.

मुडुमाल तेलंगणात नारायणपेट जिल्ह्यात, कृष्णाकाठी आहे. सुमारे ८० एकरांत दहा ते चौदा फूट उंचीच्या ऐंशीएक शिळा उभ्या आहेत. त्यांच्याभोवती रांगांनी मांडलेले लहान दगड हजारोंनी आहेत. वय अंदाजे ३५०० वर्षं. हैदराबाद विद्यापीठाचे प्राध्यापक के. पी. राव यांनी इथे अभ्यास करून दाखवलं, की काही रांगा अयनदिनांच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत छोट्या आणि सर्वांत मोठ्या दिवसाच्या, सूर्योदय-सूर्यास्ताला धरून आहेत. २०२५ मध्ये ही जागा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली.

सीएसएमटीहून सकाळी सुटणारी उद्यान एक्सप्रेस सोलापूर, वाडीमार्गे रात्री रायचूरला पोचवते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे ऑक्टोबरच्या उत्तरार्धात जागं राहायला हवं. नाताळच्या गर्दीत ऐनवेळी काही मिळत नाही. मुक्काम रायचूरलाच करा. गाडी आदल्या दिवशीच ठरवा आणि चालकाला स्पष्ट सांगा की कृष्णा नदीचा पूल ओलांडून तेलंगणात जायचं आहे, कारण रायचूर कर्नाटकात आहे आणि परवान्याचा प्रश्न पहाटे पाचला सोडवता येत नाही. वाटेत शक्तिनगरचं औष्णिक वीज केंद्र लागतं, त्यानंतर पूल. प्रवास तासाभराचा धरा.

तिथे २२ डिसेंबरला सूर्योदय ६:४४ च्या आसपास होतो. सहाला शिळांजवळ असायला हवं, म्हणून रायचूर पावणेपाचला सोडा. अंधारात शेताच्या बांधावरून चालायचं असतं, तेव्हा बॅटरी आणि घोट्यापर्यंतचे बूट लागतातच. पाणी बरोबर न्या.

आता मोजमाप. मुडुमालच्या अक्षांशावर (सुमारे १६.४ अंश उत्तर) डिसेंबरचा सूर्य उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजल्यास ११४ अंशांच्या जवळ उगवतो आणि २४६ च्या जवळ मावळतो. पूर्वेचं क्षितिज उंच असेल, तर दर अंश उंचीमागे उगवतीची जागा ०.३ अंश दक्षिणेला सरकते. शिवाय ३५०० वर्षांपूर्वी पृथ्वीच्या आसाचा कल थोडा जास्त होता. त्यामुळे तेव्हाची उगवती आजच्यापेक्षा सुमारे अर्धा अंश, म्हणजे एक बिंबभर, दक्षिणेला होती. रांगेच्या टोकापासून सूर्य एका बिंबाने डावीकडे उगवताना दिसला तर तो दोष नाही, तसंच अपेक्षित आहे.

लोक चुकतात ते इथे. जवळजवळच्या दोन शिळा धरतात, मधून सूर्य दिसला की आनंदाने फोटो काढतात. एक मीटर रुंदीची शिळा दहा मीटरवरून पाहिली तर ती पाच अंशांहून जास्त जागा अडवते, आणि सूर्य आहे अर्ध्या अंशाचा. तेवढ्या अंतरावरून काहीच सिद्ध होत नाही. साठ मीटरवर गेलात तर तीच शिळा अंशभराची होते. दुसरं असं, की ८० शिळांच्या जोड्या ३१६० होतात. त्यांतली एखादी सूर्याकडे रोखलेली निघणारच! म्हणून जोडी सोडा आणि लहान दगडांची लांब, सलग रांग मोजा. त्या रांगांमध्येच खरी मेहनत दिसते, आणि हे पंचांग कुणीतरी वर्षानुवर्षं बघत मांडलं असावं हे तिथेच पटतं.

मोबाइलचं होकायंत्र गाडीजवळ किंवा लोखंडाजवळ अनेक अंशांनी चुकतं, आणि ते खऱ्या उत्तरेवर लावलेलं आहे का हेही बघावं लागतं. त्यापेक्षा ३० मीटरची टेप, नायलॉनची दोरी आणि ओळंबा न्या. रांगेच्या दोन टोकांवर ओळंबा धरायचा, दोरी ताणायची आणि दोरीच्या रेषेत उगवतीची पहिली कड येते का ते पाहायचं. दुर्बिणीतून किंवा झूम लेन्सच्या दृश्यदर्शकातून सूर्य पाहू नका. हवा धुरकट असली आणि बिंब लाल दिसलं तरी नाही.

मुंबईतच सराव करून गेलात तर तिथला वेळ वाचतो. डिसेंबरात जुहू चौपाटीवर सूर्यास्त २४५ अंशांजवळ, म्हणजे थेट पश्चिमेच्या २५ अंश डावीकडे होतो. दोन काठ्या रोवून ती रेषा पकडून बघा.

सूर्योदयानंतर लगेच निघू नका. एका खडकावर खळगे कोरून सप्तर्षी दाखवले आहेत. तिरप्या उन्हात, म्हणजे आठच्या आत, ते ठळक दिसतात. दुपारी सपाट वाटतात. खडू भरून किंवा पाणी ओतून फोटो काढू नका, खडूचे कण खळग्यांत राहतात. एका शिळेची यल्लम्मा म्हणून पूजा होते. तिथे चपला काढा, विचारल्याशिवाय फोटो घेऊ नका. गावात तेलुगू आणि कन्नड चालते. ‘निलुवु राळ्ळु’, म्हणजे उभे दगड, एवढं म्हटलं तरी लोक वाट दाखवतात. पडलेली शिळा उचलून सरळ करायचा मोह कुणालाही होऊ देऊ नका. ती कशी पडली आहे यातही माहिती असते, आणि एकदा हलवली की ती दिशा परत मोजता येत नाही.