दुधाची ती धार

"काय वं माय, इतली दूर गई आन् दिवसभर चित्रंच देखत बसनी?"

लेकाकडे अॅमस्टरडॅमला जाऊन आल्यापासून हा प्रश्न मला गल्लीत विचारतात, लग्नकार्यात विचारतात, फोनवरही विचारतात. एवढं तिकीट काढून गेलात, फिरायचं सोडून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच एकाच म्युझियममध्ये कशाला बसलात? तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

मी चाळीसगावची. आमच्याकडे स्टेशनजवळ केकी मूस यांचा बंगला आहे. इंग्लंडला जाऊन कला शिकून आलेला हा पारशी माणूस १९८९मध्ये वारेपर्यंत त्याच घरात राहिला, क्वचितच उंबऱ्याबाहेर पडला. टेबलावर घरातल्या साध्या वस्तू मांडायच्या, त्यांवर नेमका उजेड पाडायचा आणि फोटो असा काढायचा की बघणाऱ्याला डोंगरदऱ्या दिसाव्यात, हे त्यांचं काम. बंगल्याला त्यांनी नाव दिलं होतं 'रेम्ब्रांट्स रिट्रीट'. लहानपणी मी वडिलांना विचारलं, हे कोण? ते म्हणाले, उजेड-अंधार रंगवणारा मोठा चित्रकार होता, हॉलंडचा. तेव्हापासून ते नाव माझ्या मनात आमच्या गावचंच होऊन बसलं. मग त्याच्या देशात जाऊन त्याला न भेटता कशी येऊ?

अॅमस्टरडॅममधलं राइक्सम्युझियम हे डच, म्हणजे हॉलंडच्या लोकांचं राष्ट्रीय संग्रहालय. आताची इमारत १८८५ची, लाल विटांची, आणि तिच्या पोटातून चक्क सायकलींचा रस्ता जातो. रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच' तिथे मोठ्या दालनाच्या टोकाला आहे. १६४२चं चित्र, जवळजवळ पावणेचार मीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद. नावात रात्र असली तरी प्रसंग दिवसाचा आहे; वरचं वॉर्निश काळवंडत गेलं म्हणून लोकांना ती रात्र वाटली. १७१५मध्ये ते नगरभवनात हलवलं, तेव्हा भिंतीवर मावेना म्हणून चारही बाजूंनी कापलं. हे वाचून मला खरोखर वाईट वाटलं. आता त्याच चित्राभोवती काचेची खोली उभारून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जाणकार त्याचा इंच न् इंच तपासतात. गर्दी फार होती. मी केकी मूसांच्या वतीनेही दोन मिनिटं उभी राहिले आणि पुढे सरकले.

दिवस गेला तो व्हर्मीर या दुसऱ्या डच चित्रकाराच्या 'दूधवाली' या चित्रापुढे.

चित्र अगदी लहान, हातभर रुंद असेल-नसेल. १६६०च्या आसपासचं. एक दणकट बाई खिडकीजवळ उभी राहून चंबूतून मातीच्या भांड्यात दूध ओततेय. बाह्या वर सारलेल्या, मनगटापर्यंत हात उन्हाने रापलेले आणि वर गोरे. समोर पावाचे तुकडे. शिळा पाव दुधात शिजवायची तयारी असावी, असं जाणकार म्हणतात. शिळी भाकरी दुधात कुस्करून कुणी खाल्ली नाही आमच्याकडे? दुधाची धार इतकी बारीक आहे की ती थांबेल म्हणून आपणच श्वास धरतो. मागे चुन्याची पांढरी भिंत. त्या भिंतीत एक खिळा आहे, त्याची सावली आहे, आणि उपटलेल्या खिळ्यांची भोकं आहेत. माझ्या सासूबाईंच्या स्वयंपाकघराची भिंत हुबेहूब तशी होती. तपासणीत कळलंय की व्हर्मीरने आधी तिच्या डोक्यामागे चंबू टांगायची फळी रंगवायला घेतली होती आणि मग ती झाकून टाकली. भिंत मोकळी ठेवली, म्हणून ती बाई दिसते. राबणाऱ्या बाईला एवढी जागा कोण देतो?

आणि तिचा निळा एप्रन! तो निळा लाजवर्दाचा आहे, अफगाणिस्तानातल्या डोंगरातून येणाऱ्या दगडाचा. आमच्या शाळेची सहल अजिंठ्याला जायची. तिथल्या लेण्यांतला निळाही त्याच दगडाचा, व्हर्मीरच्या हजारेक वर्षं आधीचा. सहलीत गुरुजी बॅटरीचा झोत फिरवत पुढे न्यायचे, थांबायला मिळायचं नाही. ती राहिलेली हौस मी इथे भागवली. बाकावर बसायचं, उठून जवळ जायचं, परत बसायचं. पावाच्या सालीवर त्याने रंगाचे बारीक बारीक ठिपके टाकलेत, ते मला तिसऱ्या खेपेला दिसले. त्याआधी नुसता पाव दिसत होता.

साडेचारला सूनबाई शोधत आली. "आई, कालव्यातली बोट चुकेल, चला ना."

मी म्हटलं, "तू हो पुढे. मी एकदा ते दूध बघून येते."