भिशीचे 20,000 रुपये आणि पाच माणसांचे वर्षभराचे धान्य

2022 च्या डिसेंबरात माझा पगार महिन्याच्या 22 तारखेलाच संपला आणि मुलाच्या शाळेच्या सहलीचे पैसे मी मेहुण्याकडून उसने घेतले. उसने घेण्याची वेळ पूर्वीही आली होती. परंतु त्या महिन्यात घरात आजारपण नव्हते, पाहुणे नव्हते आणि कोणतीही मोठी खरेदीही झालेली नव्हती, त्यामुळे पैसे गेले कोठे हे मला सांगता येईना. पुण्यात सिंहगड रस्त्यावरील आमच्या घरात आम्ही पाच माणसे राहतो: मी, पत्नी, दोन मुले आणि माझी आई. वार्षिक उत्पन्न 1 लाखाच्या वर असल्याने आमची शिधापत्रिका पांढरी आहे आणि तिच्यावर धान्य मिळत नाही. म्हणजे जे खायचे ते सगळे बाजारभावाने विकत आणायचे.

पत्नीने सुचविल्यावरून जानेवारी 2023 पासून आम्ही एक वही घातली आणि तीन महिने खाण्यापिण्यावरचा प्रत्येक रुपया तिच्यात लिहिला. हे काम वाटते तितके सोपे नाही, कारण माणूस किराण्याची यादी प्रामाणिकपणे लिहितो, पण कोपऱ्यावर घेतलेला वडापाव लिहायला विसरतो. म्हणून दर रात्री जेवणानंतर आई सगळ्यांना विचारीत असे आणि मुलगी वहीत मांडीत असे. मार्चअखेर सरासरी काढली तेव्हा महिन्याचा खर्च 17,400 रुपये निघाला. त्यात धान्य, डाळी, कडधान्ये आणि तयार पीठ यांचे 3,900, तेल, साखर, चहा आणि मसाले यांचे 2,600, दुधाचे 3,300, भाजी आणि फळे यांचे 3,400, आणि बाहेरून मागविलेले पदार्थ, बिस्किटे, पाव, फरसाण यांचे 4,200. सर्वांत मोठा आकडा शेवटचा होता, हे मी पाहिले. पण तेव्हा माझे सगळे लक्ष पहिल्या आकड्यावर होते, कारण मला वाटत होते की काटकसर म्हणजे स्वस्त भावाने खरेदी करणे.

आई बार्शी तालुक्यातली आहे. तिच्या माहेरी आणि सासरीही सुगीनंतर वर्षाचे धान्य भरले जात असे. वही ऐकून झाल्यावर ती एवढेच म्हणाली, "दोन-दोन किलो पीठ पिशवीतनं आणायला आपण काय प्रवासात आहोत का?" त्या वाक्याने वर्षाचे धान्य भरण्याचा निर्णय झाला.

पहिली अडचण पैशांची होती, आणि काटकसरीचे सल्ले देणारे लोक नेमकी हीच गोष्ट सांगत नाहीत, असा माझा अनुभव आहे. जो महिन्याला दोन-दोन किलो घेतो तो महाग घेतो हे खरे. परंतु तो तसे घेतो कारण त्याच्या हातात एका वेळी तेवढेच पैसे असतात. कार्यालयात आमची दहा जणांची दरमहा 2,000 रुपयांची भिशी होती. माझी पाळी ऑगस्टमध्ये होती. ती मी एका सहकाऱ्याशी बदलून एप्रिलमध्ये घेतली. ही भिशी नसती तर हा सगळा बेत वहीतच राहिला असता.

दुसरे काम हिशोबाचे होते. वर्षाला किती लागते हे आम्हांला कोणालाही माहीत नव्हते. आईचे माप पायलीचे आणि जुन्या एकत्र कुटुंबाचे. तिने सांगितलेली ज्वारी आमच्या घराला तीन वर्षे पुरली असती. म्हणून आम्ही वहीतील तीन महिन्यांच्या वापराला चाराने गुणले, आणि मे महिन्यात मुले आजोळी जातात म्हणून थोडे कमी केले. यादी अशी ठरली: गहू 150 किलो, ज्वारी 90 किलो, इंद्रायणी तांदूळ 90 किलो, तूरडाळ 30 किलो आणि हरभरा डाळ 15 किलो. मूग, मटकी, चवळी ही अख्खी कडधान्ये आईने यादीतून काढून टाकली, कारण भुंगा अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो आणि डाळीपेक्षा कडधान्य फार लवकर पोखरले जाते. शेंगदाणेही काढले, कारण ते पावसाळ्यात खवट होतात.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील भुसार बाजारात गेलो. तेथे पहिल्याच दुकानात खरेदी करू नये, एवढे मला कळत होते; पण काय पाहायचे ते आईला कळत होते. तिने गव्हाच्या प्रत्येक वाणाचा एक दाणा दाताखाली धरला. दाणा 'कट्' असा आवाज करून तुटला तर तो सुकलेला, आणि दबला तर ओलसर, अशी तिची परीक्षा. सिहोरचा शरबती दिसायला देखणा होता, परंतु रोजच्या पोळीसाठी आम्ही लोकवन घेतला. हा मूळचा गुजरातमधील सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत निघालेला 'लोक-1' गहू. आपल्याकडे त्याचे लोकवन झाले आणि आता ते कोणत्या तरी वनाचे नाव आहे असेच सगळ्यांना वाटते. ज्वारी मालदांडी घेतली, मंगळवेढ्याकडची. तांदूळ मावळातला आणि मुद्दाम जुना घेतला. इंद्रायणी हा वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आयआर-8 यांच्या संकरातून तयार झालेला वाण मुळातच चिकट, आणि नवा असला तर त्याचा गोळाच होतो.

भाव असे पडले: गहू 36, ज्वारी 50, तांदूळ 52, तूरडाळ 120 आणि हरभरा डाळ 70 रुपये किलो. एकूण 19,230 रुपये, आणि हमाली व टेम्पो मिळून 570. गहू, ज्वारी आणि तांदूळ 30 किलोंच्या कट्ट्यांत घेण्याचा एक फायदा दुकानदाराने सांगितला तो मला माहीत नव्हता. जुलै 2022 पासून छापील वेष्टनातील धान्य आणि डाळींवर 5 टक्के जीएसटी लागतो, तो 25 किलोंपर्यंतच्या पिशवीला. त्याहून मोठ्या पोत्याला लागत नाही. म्हणजे छोटी पिशवी घेणारा येथेही जास्त देतो. भिशीतले 200 रुपये उरले, त्यांचा आम्ही उसाचा रस प्यालो आणि बाकीचे आईने देवापुढे ठेवले.

यानंतर वाळवण, आणि तेथेच माझी चूक झाली. गहू आणि ज्वारी यांना दोन-तीन दिवस कडक ऊन द्यायचे. तांदळाला मात्र ऊन दाखवायचे नाही, कारण उन्हाने दाणा तडकतो आणि शिजताना त्याची कणी होते, म्हणून तो घरातच पंख्याखाली पसरायचा. डाळीला किलोमागे लहान चमचाभर एरंडेल तेल हातांनी चोळायचे. सोसायटीच्या गच्चीची परवानगी, कबुतरांवर राखण आणि तिसऱ्या मजल्यावरून कट्ट्यांची ने-आण यांत दोन रविवार गेले. मेच्या पहिल्या आठवड्यात ज्वारी गच्चीवर असताना दुपारी वळिवाचे ढग आले. मी घाईघाईने तापलेली ज्वारी गोळा केली आणि सरळ पत्र्याच्या मोठ्या कोठीत ओतून झाकण लावले. आई खालून ओरडत होती, "निवू दे आधी, निवू दे!" मला वाटले, गरम धान्य म्हणजे अधिक कोरडे धान्य.

जुलैअखेर कोठी उघडली तेव्हा कुबट वास आला. वरचा थर ओलसर होऊन त्याच्या गुठळ्या झाल्या होत्या आणि खाली सोंडकिड्यांनी दाणे पोखरले होते. कारण नंतर नीट समजले: गरम धान्य बंद झाल्यावर त्यातून निघालेली वाफ रात्री गार पत्र्याला लागून पाणी होते आणि ते पाणी वरच्या थरात उतरते; आणि सोंडकिडा बाहेरून येतोच असे नाही, त्याची अंडी शेतातून किंवा गोदामातून दाण्याच्या आतच आलेली असतात आणि ऊब व ओल मिळाली की महिन्याभरात पिढी बाहेर पडते. शिवाय कोठी एकच आणि मोठी होती. दळणासाठी दर आठवड्याला ती उघडली जाई आणि प्रत्येक वेळी पावसाळी हवा आत जाई. चाळून, पाखडून, पुन्हा वाळवून बरीचशी ज्वारी वाचली. 22 किलो मात्र दूधवाल्याच्या म्हशींना गेली. म्हणजे 1,100 रुपये गेले. वहीत ते मुलीने 'म्हशी' अशा नावाखाली लिहिले आहेत.

त्या दिवसांत शेजाऱ्यांनी अनेक उपाय सुचविले. तांदळाला बोरिक पावडर लावण्याची रीत आमच्या घरीही पूर्वी होती. परंतु जे किड्याला मारते ते धुऊन पूर्ण जाईल याची खात्री नसल्याने मी ती नाकारली. पाऱ्याच्या गोळ्याही नाकारल्या. धुरीच्या गोळ्या तर घरात आणूच नयेत. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू माणसालाही मारतो आणि बंद घरांत त्याने जीव गेलेले आहेत. आम्ही सावलीत वाळविलेला कडुनिंबाचा पाला घातला, पण माझ्या मते खरे काम त्याने केले नाही. खरे काम केले ते एका कोठीऐवजी घट्ट झाकणाच्या चार लहान डब्यांनी, ज्यांतला एकच डबा एका वेळी उघडा असतो.

दळण गिरणीतून आणू लागल्यावर एक गोष्ट सुधारली आणि एक वाढली. ज्वारीचे पीठ आठ-दहा दिवसांपुरतेच दळून आणल्याने त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जात नाही आणि भाकरी थापताना तुटत नाही. आधी पिशवीतल्या पिठाच्या भाकऱ्या तुटत, म्हणून आम्ही भाकऱ्या कमीच करीत होतो. वाढले ते काम. किलोला 8 रुपये दळणावळ आणि माझी एक फेरी.

त्या वर्षी बाजारभावांनीही आम्हांला साथ दिली. जुलैमध्ये टोमॅटो 100 रुपयांच्या पुढे गेले तेव्हा आमटीला आमसूल आणि चिंच आली. तुरीचे भाव चढू लागले म्हणून केंद्र सरकारने 2 जून 2023 रोजी तूर आणि उडीद यांच्या साठ्यावर मर्यादा घातल्या. त्या व्यापाऱ्यांना होत्या, आमच्या पलंगाखालच्या 30 किलोंना नव्हत्या. दिवाळीपर्यंत दुकानात तूरडाळ 150 च्या वर गेली. मला स्वतःच्या दूरदृष्टीचे फार कौतुक वाटू लागले.

ते कौतुक मार्च 2024 मध्ये वहीने उतरविले. ऑगस्टपासूनची सरासरी आता 13,000 रुपये होती, म्हणजे महिन्याला 4,400 ची बचत. परंतु धान्य आणि डाळींच्या आकड्यात, दळण आणि किरकोळ कडधान्ये धरून, बचत 1,500 चीच होती: 3,900 चे 2,400 झाले होते. तेलमसाल्यात 100 आणि भाजीत 500 वाचले. उरलेले 2,300 ज्या आकड्यातून वाचले होते त्यासाठी मी काहीच केले नव्हते: बाहेरच्या खाण्याचे 4,200 वरून 1,900 झाले होते. आम्ही वडापाववर बंदी घातली नव्हती, मुलांना उपदेशही केला नव्हता. पत्नीने त्याचा उलगडा केला. पूर्वी पीठ संपले, तांदूळ संपला म्हणून आठवड्यातून तीन वेळा कोणीतरी दुकानात जाई किंवा फोनवरून मागवी, आणि एका पिठाबरोबर चार पुडे घरात येत. आणि संध्याकाळी घरात काही नाही असे वाटले की जेवणच मागविले जाई. आता घरात काही नाही असे कधी होतच नाही. भाजी नसली तर पिठले आहे, तेही नको असेल तर आमटी-भात आहे, आणि शिळ्या पोळ्या असल्या तर फोडणीची पोळी. फिरून हिशोब केला तर भुसार बाजारातील भावाचा फायदा लहान होता आणि दुकानाच्या न झालेल्या फेऱ्यांचा मोठा.

यामुळे पुढच्या खरेदीची रीत बदलली. एप्रिल 2024 मध्ये तूरडाळ सुगीनंतरही उतरली नव्हती, म्हणून ती वर्षाची न भरता 8 किलोच घेतली. महाग भावाने साठा करण्यात काही अर्थ नव्हता, घरात एका महिन्याची डाळ शिल्लक असणे पुरेसे होते. तांदूळ 75 किलोंवर आणला. ज्वारी एका रात्रीसाठी चादरीवर पसरून, हात घातला तर गार लागेल इतकी निववून, सकाळी डब्यांत भरली. त्या ऑगस्टमध्ये आईने डब्यातला दाणा दाताखाली धरला आणि मान हलवली.

2025 च्या फेब्रुवारीत नवी तूर आली आणि भाव कोसळले. हमीभाव 7,550 रुपये क्विंटल असताना बाजारात तूर त्याच्या खाली विकली जात होती, आणि बार्शीकडे शेती करणारा माझा चुलतभाऊ फोनवर म्हणाला, "तुमची चंगळ आहे, दादा." त्याच्याकडून मी हमीभावानेच 40 किलो तूर घेतली, म्हणजे 3,020 रुपयांची, आणि तेथल्याच डाळ मिलमधून भरडून आणली. भरडाईसह 3,340 रुपये झाले आणि सालपट, चुरी वजा जाता 29 किलो डाळ हाती आली. किलोला 115 रुपये पडले. ती बिनपॉलिशची आहे, दिसायला मळकट आहे आणि शिजायला एक शिट्टी जास्त घेते.