कागद कुणी नाकारला?

सुमेध ते बोलला आणि लगेच चहा सांगायला उठला. त्याला आता आठवतही नसेल. मी मात्र जेवताना, भांडी आवरताना, आणि आता आई झोपल्यावरही तेच घोळवत बसलेय. “तुला कागद कुणी नाकारला?”

विषय मीच काढला होता, ऑरिन इव्हान्सचा. फिलाडेल्फियातला कृष्णवर्णीय पत्रकार. १९४७ मध्ये ‘फिलाडेल्फिया रेकॉर्ड’ बंद पडला तेव्हा त्यानं तिथल्या जुन्या सहकाऱ्यांना हाताशी धरून स्वतःचं कॉमिक काढलं, ‘ऑल-निग्रो कॉमिक्स’. ४८ पानं, किंमत १५ सेंट. इतर कॉमिक्स तेव्हा १० सेंटना मिळायची. लिहिणारे आणि चित्रं काढणारे सगळे काळे. त्यातला लायन मॅन म्हणजे कॉलेजात शिकलेला शास्त्रज्ञ, संयुक्त राष्ट्रांनी गोल्ड कोस्टला पाठवलेला. चित्रं इव्हान्सच्या भावाची. त्या काळी कॉमिकात काळा माणूस असायचाच तर जाड ओठांचा, हसं होणारा नोकर. दुसऱ्या अंकाची तयारी झाली आणि कागदच मिळेना. नेहमीच्या विक्रेत्यानं दिला नाही, दुसऱ्यांनीही दिला नाही. एका अंकात खेळ खलास.

इथवर ठीक होतं. पण मग माझी गाडी माझ्याच रडगाण्याकडे वळली. माझी सुपरहिरो बसमधली कंडक्टरीण, पण प्रकाशकांनी त्या कॉमिकची पानंसुद्धा नीट उलटली नाहीत, “मराठीत सुपरहिरो चालत नाही मॅडम, पंचतंत्र करा की” म्हणाले, वगैरे वगैरे. माझा आवाजही जरा भरून आला होता. तेवढ्यात सुमेध.

राग आला. अजून आहे. सुमेधचे बाबा ७२च्या दलित पँथरमधले, ते नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं हे त्याला शाळेत जायच्या आधीपासून माहीत. म्हणजे मी कुणाला काय सांगत होते... जाऊ दे, ते आज नको.

पण कागदाचं काही डोक्यातून जात नाही. परवा शनिवार पेठेत माझ्या कॉमिकसाठी कागदाचा भाव काढायला गेले होते. कागदवाला किती गोड बोलला! “किती रिम? जीएसटी बिल लागेल ना? टेम्पोनं पोचवतो ताई.” सुखासुखी हो म्हणाला. खरं सांगायचं तर बाहेर पडताना थोडी हिरमुसलेच होते. समोर कुणीतरी दुष्ट हवा होता, तर हा भला माणूस मला जीएसएम, म्हणजे कागदाची जाडी-वजन, समजावून सांगत होता.

मग रात्री परत ड्वेन मॅकडफी वाचत बसले. हा मार्व्हल कॉमिक्समध्ये नोकरी केलेला कृष्णवर्णीय लेखक. काळे नायक तेवढे सगळे स्केटबोर्डवरच का, म्हणून १९८९ मध्ये तिथे एक धमाल टवाळीचा प्रस्ताव पाठवला होता त्यानं. मग १९९३ मध्ये डेनिस कॉवन, मायकल डेव्हिस आणि डेरेक डिंगल यांच्यासोबत माइलस्टोन ही स्वतःची कॉमिक्स कंपनी. छापायचं आणि विकायचं काम डीसी या बड्या कंपनीचं, पण पात्रांची मालकी माइलस्टोनचीच. हे त्यांनी कसं पदरात पाडून घेतलं असेल, याचंच मला जास्त कौतुक. त्यांच्या ‘हार्डवेअर’ कॉमिकचा नायक असा इंजिनिअर, ज्याच्या शोधांवर मालक गब्बर होतो आणि नफ्यातला वाटा मागितला की त्याला जागा दाखवतो. हे लिहिताना मॅकडफीला काही शोधायला जावं लागलं नसणार. १९९७ ला ती कॉमिक्स थांबली. त्यांचा ‘स्टॅटिक’ हा नायक मात्र टीव्हीवर गेला, २००० ते २००४.

आणि त्याआधी, १९९० मध्ये, ‘ब्रदरमॅन’ हे कॉमिक स्वतःच काढणारे सिम्स बंधू. टी-शर्टांवर एअरब्रश मारून पोट भरणारा एक भाऊ, लिहिणारा दुसरा. न्यूयॉर्कच्या ब्लॅक एक्स्पोत टेबल टाकून विकलं. यांचं वाचलं की मला धीर येतो, आणि धीर आला की सुमेध आठवतो. म्हणजे धीरही उसनाच. बरं, उसना तर उसना! त्यांनी काढलं ते कुणीतरी वाचावं म्हणूनच ना? माझ्यासारखीनं वाचलं तर त्यांचं काय जातं? मी स्वतःला त्यांच्या रांगेत घुसवलं नाही म्हणजे झालं. आज दुपारी किंचित घुसवलं होतं बहुतेक.

सगळ्यात आवडता तरी रॉबर्ट टाउनसेंडच्या सिनेमातला मीटिअर मॅन. पैसा स्टुडिओचा, म्हणून स्वतःच्या बळावर काढणाऱ्यांच्या माझ्या यादीत खरं तर बसत नाही. पण लेखन, दिग्दर्शन, मुख्य भूमिका सगळं त्याचंच. साधा शाळामास्तर, अंगात शक्ती येते, पण उंचीची भीती जात नाही. म्हणून जमिनीलगत उडतो! फार हसले होते मी तेव्हा.

माझी कंडक्टरीण तर तेवढंही उडत नाही. स्वारगेट ते कात्रज, उभ्यानं. रंगीत परवडणार नाही, काळ्या-पांढऱ्यातच काढेन, दोनशे प्रती. प्रकाशक नाही म्हणजे मालकीचा प्रश्नही नाही, एवढी तरी चैन. उद्या त्या कागदवाल्याला फोन करायचाय. बिल लागेल म्हणून सांगते.